कप कोणाचा? बाहेरचे खेळाडू, घरची पोरं आणि विदर्भाचा हिशेब

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय क्रिकेटचा आहे, पण मी कव्हर ड्राइव्ह कसा मारतात ते सांगणार नाही, कारण मला तो कधी मारताच आला नाही. मी बोलणार आहे एका हिशेबाबद्दल. आपल्या विदर्भाच्या संघानं तीन वेळा रणजी करंडक जिंकला: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. तिन्ही वेळा संघात बाहेरून आणलेले खेळाडू होते. आणि तिन्ही वेळा गावात एकच वाद झाला, की हा कप आपला म्हणायचा की विकत आणलेला?

एक प्रसंग सांगतो. १ मार्च २०२५, शनिवार. जामठ्याला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्याचा चौथा दिवस. करुण नायर शतक करून खेळतोय. माझ्या मागच्या रांगेत दोघं बसले होते. एक म्हणाला, "हे उसनं अवसान हाय भाऊ. करार संपला का हा चालला बंगलोरले." दुसरा शेंगदाण्याची पुडी पुढं करत म्हणाला, "जाऊ दे ना. कप तर इथंच राहीन!"

झालं. पुढं मी जे तासभर बोलणार आहे ते या दोन वाक्यांच्या बाहेर जाणार नाही. मला दोघांचंही पटलं होतं आणि दोघांचंही अर्धवट वाटलं होतं.

आधी दोन्ही बाजू नीट मांडतो, कारण आपल्याकडे वाद करताना समोरच्याची बाजू मुद्दाम लंगडी करून मांडायची पद्धत आहे.

पहिली बाजू म्हणते, राज्य संघटना कशासाठी असते? इथल्या मुलांना खेळायला मिळावं म्हणून. अकरा जागा असतात. त्यातल्या दोन-तीन बाहेरच्यांना दिल्या, तर इथली दोन-तीन मुलं बाहेर बसतात. बरं, आपल्याकडे वय थांबत नाही. चोविसाव्या वर्षी संधी हुकली की घरचे विचारतात, नोकरीचं काय? दुसरी बाजू म्हणते, खेळ हा जिंकण्यासाठी असतो. हरणाऱ्या संघातल्या मुलाकडे निवड समिती बघत नाही. चांगला खेळाडू शेजारी असेल तर मुलगा त्याच्याकडून शिकतो. आणि नियमानंच हात बांधलेले आहेत, एका संघाला जास्तीत जास्त तीन बाहेरचे, म्हणजे 'प्रोफेशनल', घेता येतात. मग एवढी ओरड कशाला?

आता यात खरं काय आहे ते तपासायचं तर थोडं मागं जावं लागेल, आणि सुरुवात नागपुरातूनच करावी लागेल.

कर्नल सी. के. नायडू. भारताचे पहिले कसोटी कर्णधार, लॉर्ड्स, १९३२. जन्म कुठला? नागपूर, १८९५. पण रणजी करंडकाच्या इतिहासात त्यांचं नाव कोणत्या संघाशी जोडलेलं आहे? होळकर संघाशी. इंदूरच्या महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं, लष्करात हुद्दा दिला, आणि नागपूरचा माणूस इंदूरचा झाला. त्यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू, तेही नागपूरचेच, होळकरांकडून खेळले. हा काही एकट्या इंदूरचा प्रकार नव्हता. सांगलीचे विजय हजारे बडोद्याचे झाले ते असेच. म्हणजे बाहेरचे खेळाडू आणण्याची पद्धत आयपीएलनं शोधली असं कोणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. संस्थानिक हे सगळं करून बसले होते. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून कोण खेळलं माहितीये? डेनिस कॉम्प्टन! इंग्लंडचा कॉम्प्टन. महायुद्धामुळं सैनिक म्हणून भारतात होता, त्याला संघात घेतलं. त्यानं मुंबईविरुद्ध नाबाद २४९ केल्या, तरी होळकर हरले.

होळकर संघानं चार वेळा रणजी जिंकली, शेवटची १९५२-५३ मध्ये. त्यानंतर संस्थानी संघ इतिहासजमा झाले. आणि त्या मुलखाला, म्हणजे मध्य प्रदेशला, पुढचा रणजी करंडक कधी मिळाला? २०२१-२२ च्या हंगामात. मध्ये जवळजवळ सत्तर वर्षं गेली. होळकरांनी स्थानिक खेळाडू घडवले नाहीत असं मी म्हणत नाही. मुश्ताक अली इंदूरचेच. पण राजाश्रयावर उभा राहिलेला संघ राजाश्रय गेल्यावर किती टिकतो, हे त्या सत्तर वर्षांत दिसतं.

आणि आपण? आपण त्या काळात पुरवठा करणारे होतो. विदर्भ म्हणून आपला संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. पहिला करंडक २०१७-१८ मध्ये. साठ वर्षं! त्यातली कित्येक वर्षं प्लेट गटात गेली. जुन्या लोकांना आठवत असेल, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर रणजीचा सामना चालू असला तरी बाहेरच्या रस्त्यावर कोणाला पत्ता नसायचा. म्हणजे 'फक्त आपली पोरं खेळवा' हा प्रयोग आपण करून बघितलेला आहे. चांगली कित्येक वर्षं. त्यातून काही गुणी खेळाडू निघाले, प्रशांत वैद्य भारताकडून एकदिवसीय सामने खेळला, पण संघ म्हणून आपण कुठं होतो? तेव्हा पहिल्या बाजूच्या मित्रांना माझा पहिला प्रश्न हा, की बाहेरचे नव्हते तेव्हा आपल्या पोरांचं असं काय भलं झालं होतं?

आता २०१४-१५ कडे या. तमिळनाडूचा बद्रीनाथ आला, कर्नाटकचा गणेश सतीश आला. पुढच्या हंगामात मुंबईचा वसीम जाफर आला. २०१४-१५ आणि २०१५-१६, दोन्ही हंगामांत आपण उपांत्यपूर्व फेरी गाठली. मग २०१७-१८ ला चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी करंडक. म्हटलं तर सरळ गोष्ट आहे: बाहेरून माणसं आणली, कप आला.

पण धावफलक काढून बघा. मी काढलाय. कोलकात्याला कर्नाटकविरुद्ध उपांत्य सामना, आपण पाच धावांनी जिंकलो. बारा बळी कोणाचे? रजनीश गुरबानीचे. इंजिनीअरिंग केलेला आपला मुलगा. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. पहिल्या डावात गुरबानीचे सहा बळी, त्यात हॅट्ट्रिक. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही फक्त दुसरी हॅट्ट्रिक. फलंदाजीत अक्षय वाडकर १३३, त्याचं पहिलं प्रथम श्रेणी शतक, आणि ते अंतिम सामन्यात! हंगामात ९१२ धावा कोणाच्या? कर्णधार फैज फझलच्या. दुसऱ्या वर्षी जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध अंतिम सामना. आदित्य सरवटेचे अकरा बळी. चेतेश्वर पुजाराला त्यानं दोन्ही डावांत काढलं, एकदा १ वर आणि एकदा शून्यावर.

मग जाफरनं काय केलं? २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात ७८ केल्या, विजयी फटकाही त्याचाच. आणि २०१८-१९ मध्ये, वयाच्या चाळिशीत, १०३७ धावा. हे थोडं नाही. पण मी काय म्हणतोय ते लक्षात घ्या. चार दिवसांचा सामना जिंकायचा तर वीस गडी बाद करावे लागतात. निर्णायक सामन्यांत ते गडी बाद केले घरच्या पोरांनी. बाहेरच्यांनी आणला तो फलंदाजीतला धीर. दीडशेवर सहा गडी बाद होण्याची जी आपली जुनी खोड होती, ती त्यांनी मोडली. त्यामुळं गोलंदाजाला पाठीमागं धावा मिळाल्या. गुरबानी आधीही चांगलाच टाकत असेल. पण १८० धावांच्या आधारानं टाकणं वेगळं आणि ५४७ च्या आधारानं टाकणं वेगळं. इंदूरला आपली धावसंख्या ५४७ होती.

आणि बघा योगायोग. नागपूरचे नायडू ज्या इंदूरला गेले, तिथल्या होळकर स्टेडियममध्येच विदर्भाला पहिला करंडक मिळाला. त्या सामन्यात दिल्लीकडून आपल्याविरुद्ध १४५ धावा कोणी केल्या होत्या? ध्रुव शोरीनं. तोच शोरी पुढं विदर्भाचा प्रोफेशनल झाला. म्हणजे 'बाहेरचा' हा शिक्का किती पातळ शाईचा असतो बघा.

इथवर ऐकून दुसऱ्या बाजूचे मित्र खूश झाले असतील. थोडं थांबा.

मी एका मुलाला ओळखतो. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. मधल्या फळीतला फलंदाज. क्लब क्रिकेटमध्ये ढिगानं धावा. दोन हंगाम तो 'यंदा नक्की' ऐकत राहिला. मग तो नोकरीला लागला, आता ऑफिसच्या संघातून रविवारी खेळतो. मी त्याला सहज म्हटलं, अरे, मोठ्या खेळाडूंबरोबर नेटमध्ये तर होतास, शिकायला मिळालं असेल. तो हसला. म्हणाला, "सर, शिकलो ना. पण शिकलेलं वापरायचं कुठं? पेपर दिलाच नाही तर निकाल कसा लागणार?" आणि पुढं म्हणाला, "मला जागा दिली नाही याचं इतकं नाही वाटत. मला कोणी सांगितलं असतं की तीन वर्षं तुझ्या जागेवर दुसरा आहे, तर मी तेव्हाच वेगळा विचार केला असता. सांगतच नव्हतं कोणी."

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे परत येणार आहे. कप जिंकला की या मुलाचा हिशेब कोणी मांडत नाही. तो धावफलकावर दिसतच नाही. न खेळलेल्या माणसाची सरासरी नसते.

जगात इतरांनी या प्रश्नाचं काय केलं? इंग्लंडमधल्या यॉर्कशायर काउंटीचा नियम होता, यॉर्कशायरमध्ये जन्मलेलाच खेळाडू घ्यायचा. शंभर वर्षांच्या वर हा बाणा त्यांनी सांभाळला. सांभाळता सांभाळता १९६८ नंतर त्यांना काउंटी अजिंक्यपद मिळेना. शेवटी १९९२ मध्ये त्यांनी पहिला परदेशी खेळाडू घेतला. आधी ऑस्ट्रेलियाचा मॅकडरमॉट ठरला होता, तो दुखापतीमुळं येऊ शकला नाही. मग कोणाला बोलावलं? एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकरला. बांद्र्याचा मुलगा यॉर्कशायरचा पहिला 'बाहेरचा'! आपल्याला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. तेव्हा आपल्यापैकी कोणी म्हणालं होतं का, की अरेरे, लीड्सच्या एखाद्या गरीब पोराची जागा गेली? आपला माणूस तिकडं गेला की तो गुणवत्तेचा विजय, आणि तिकडचा इकडं आला की अन्याय. हे आपण सगळेच करतो. मीही करतो.

तेंडुलकरनं हजारावर धावा केल्या, पण यॉर्कशायर त्या वर्षी जिंकलं नाही. जिंकलं ते २००१ मध्ये, ऑस्ट्रेलियाचा डॅरेन लेहमन संघात असताना. मधल्या नऊ वर्षांत त्यांनी घरच्या मुलांचीही एक पिढी तयार केली होती. नुसता बाहेरचा आणून काम झालं नाही, आणि नुसत्या बाण्यानंही झालं नव्हतं.

त्याच भागात रग्बी लीग हा खेळ जोरात चालतो. तिथल्या क्लबांचा वाद हुबेहूब आपलाच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे तयार खेळाडू आणायचे, की गल्लीतल्या पोरांना दहा वर्षं खपून तयार करायचं? तिथंही परदेशी खेळाडूंच्या संख्येला मर्यादा आहे. आणि लीड्सच्या क्लबनं केविन सिनफील्ड, रॉब बरो अशी स्वतःच्या अकादमीतली मुलं घेऊन एकामागून एक अजिंक्यपदं मिळवली. सोबत बाहेरचे होतेच. पण संघाचा कणा घरचा होता.

फुटबॉलमध्ये युरोपच्या संघटनेनं आणखी एक शहाणपण केलं. त्यांच्या स्पर्धांत पंचवीस जणांच्या यादीत आठ जागा 'स्थानिक घडणीच्या' खेळाडूंसाठी राखीव असतात. आता स्थानिक कोणाला म्हणायचं? जन्म कुठं झाला हे ते विचारत नाहीत. आडनाव, भाषा, पासपोर्ट काही विचारत नाहीत. पंधरा ते एकवीस या वयात तीन वर्षं तो कोणत्या क्लबात किंवा त्या देशातल्या कोणत्या क्लबात शिकला, एवढंच विचारतात. म्हणजे ज्यानं घडवलं, त्याचा तो. मला हे फार आवडतं. आपल्याकडे 'आपला-परका' म्हटलं की लगेच आडनावावर गाडी जाते. विदर्भाच्या संघातली आडनावं बघा जरा: गुरबानी, फझल, यादव, दुबे, राठोड, मालेवार, वाडकर, सरवटे. यातलं नागपूरचं नाही असं कोणतं? सगळी आहेत. हे शहरच तसं आहे.

पण घडणीचं माप लावायचं म्हटलं, की मग दुसऱ्या बाजूला एक टोचरा प्रश्न येतो, आणि तो आपल्यालाच येतो. विदर्भात जिल्हे अकरा. घडवण्याची सोय कुठं आहे? जामठ्याचं स्टेडियम, सिव्हिल लाइन्सचं मैदान, चांगल्या टर्फ विकेट, मोठे क्लब... बहुतेक सगळं नागपूर आणि नागपूरच्या आसपास. अमरावतीचा जितेश शर्मा, अकोल्याचा अथर्व तायडे, वर्ध्याचा दर्शन नळकांडे ही नावं आपण अभिमानानं घेतो. घ्यावीतच. पण गडचिरोलीचं नाव घ्या. वाशिमचं घ्या. मी तुम्हाला विचारतोय, आठवतंय का कोणी? आपण सगळं आयुष्य म्हणत आलो, की सगळं पुण्या-मुंबईला जातं, विदर्भाला काही मिळत नाही. मग सिरोंच्याच्या मुलाला नागपूर म्हणजे काय वाटत असेल? त्याच्यासाठी बंगलोरचा नायरही बाहेरचा आणि धरमपेठेतला मुलगाही बाहेरचाच!

उमेश यादवचं उदाहरण घ्या. वलनीच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतला मुलगा, वडील खाण कामगार. विशीला येईपर्यंत तो टेनिस बॉलवरच खेळत होता. २००८ मध्ये तो रणजी खेळला, २०११ मध्ये कसोटी. विदर्भाचा पहिला कसोटीपटू. आपण ही गोष्ट स्फूर्तिदायक म्हणून सांगतो. मला मात्र ती ऐकताना भीती वाटते. वलनी नागपूर जिल्ह्यातच आहे, खापरखेड्याजवळ. एवढ्या जवळचा, एवढ्या वेगानं टाकणारा मुलगा विशीपर्यंत लेदर बॉलपाशी पोचत नाही, तर लांबच्या किती जणांचं काय झालं असेल? कोणी त्यांची जागा घेतली नाही. कोणी प्रोफेशनल मध्ये आला नाही. त्यांच्यापर्यंत रस्ताच गेला नाही.

म्हणून मी म्हणतो, स्थानिक विरुद्ध बाहेरचा या भांडणात आपण त्या दोन-तीन जागांवरच डोळे लावून बसतो. त्या जागा मोजायला सोप्या आहेत. खरी गळती वरच्या अकरात होत नाही, ती चौदा-सोळा वर्षांच्या मुलांमध्ये होते, तालुक्याच्या मैदानावर होते. तिथं कोणी घोषणा देत नाही.

आता नाण्याची तिसरी बाजू. २०२५ चा तोच अंतिम सामना. समोर केरळ. केरळ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात आलं होतं. कसं आलं? उपांत्य सामन्यात गुजरातला आघाडीसाठी तीन धावा हव्या असताना फलंदाजानं फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि स्लिपमध्ये झेल गेला. केरळला दोन धावांची आघाडी. तो चेंडू टाकणारा गोलंदाज कोण? आदित्य सरवटे! आपला सरवटे. त्या हंगामात तो केरळचा प्रोफेशनल होता. आणि आठवड्याभरात तो जामठ्याला, आपल्या मैदानावर, आपल्याविरुद्ध उतरला. पहिल्या डावात ७९ धावा केल्या त्यानं. ज्या मैदानावर सहा वर्षांपूर्वी अकरा बळी घेऊन आपल्याला कप दिला, त्याच मैदानावर.

मी स्टेडियममध्ये होतो. त्याला कोणी हुर्यो केली नाही, माझ्या आसपास तरी नाही. टाळ्याच वाजल्या. गुरबानी पुढं महाराष्ट्राकडून खेळायला लागला. जितेश २०२५ मध्ये बडोद्याला गेला. म्हणजे आता आपण पुन्हा पुरवठादारही आहोत, नायडूंच्या काळासारखे. फरक एवढाच, की तेव्हा खेळाडू गेल्यावर मागं काही उरत नव्हतं. आता सरवटे केरळला गेला आणि त्याच्या जागी डावखुरा फिरकी गोलंदाज कोण उभा राहिला? हर्ष दुबे. एका रणजी हंगामात ६९ बळी, आजवरचा विक्रम. याला म्हणतात घडण. माणूस गेला तरी जागा रिकामी राहत नाही.

आणि हेच माप मी बाहेरच्यांनाही लावतो. माझ्या दृष्टीनं प्रश्न तीनच आहेत.

एक. बाहेरचा खेळाडू खड्ड्यात येतोय की रांगेत? म्हणजे तिथं आपल्याकडे कोणीच नाही म्हणून येतोय, की तयार मुलगा उभा असताना त्याच्या पुढं घुसतोय? २०१४ मध्ये आपल्या मधल्या फळीत खड्डा होता. तिथं सतीश, जाफर आले ते योग्यच. दहा वर्षांनी तोच करार निव्वळ सवयीनं करत असू, तर ते चूक.

दोन. तो कोणाबरोबर खेळतोय? २०२५ च्या अंतिम सामन्याचा पहिला दिवस आठवा. ३ बाद २४. खेळपट्टीवर कोण? एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि तेहतीस वर्षांचा करुण नायर. २१५ धावांची भागीदारी. दुसऱ्या डावात २ बाद ७. पुन्हा तेच दोघं, पुन्हा दीडशेच्या वर भागीदारी. मालेवार १५३ आणि ७३, नायर ८६ आणि १३५. पहिल्या डावात तर दोघांच्या गोंधळातच नायर धावबाद झाला, आणि त्यानंतरही मालेवार डगमगला नाही. या दोघांतला कप कोणाचा, हे वेगळं काढून दाखवा मला. नाही काढता येत. नेटमध्ये शेजारी उभं राहून जे शिकता येत नाही, ते ३ बाद २४ वर समोरच्या टोकाला उभं राहून शिकता येतं. माझ्या ओळखीच्या त्या मुलाला नेट मिळालं, समोरचं टोक मिळालं नाही. हा फरक आहे.

तीन. तो गेल्यावर काय? त्या मागच्या रांगेतल्या भाऊंचं भाकीत खरं ठरलं. करुण कर्नाटकात परतला. मग काय झालं? मालेवारनं दुलीप करंडकात द्विशतक केलं. ज्या यश राठोडनं रणजीत ९६० धावा, म्हणजे करुणपेक्षाही जास्त, केल्या होत्या, त्यानं दुलीपच्या अंतिम सामन्यात १९४ केल्या. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्यालाच शेष भारताला ९३ धावांनी हरवून विदर्भानं इराणी करंडक घेतला. अथर्व तायडेच्या १४३. आता एका सामन्यावरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळतं. पण इतकं म्हणता येईल, की हे उसनं अवसान नव्हतं. उसनं घेतलं होतं खरं, पण त्यातून घरचं काहीतरी उभं राहिलं.

मग माझी तक्रार काय आहे? तक्रार अशी, की हे तीन प्रश्न कोणी उघडपणे विचारत नाही आणि त्यांची उत्तरं कोणी देत नाही. बाहेरचा खेळाडू घेतला की बातमी येते: अमुक विदर्भाकडून खेळणार. कोणत्या जागेसाठी? किती वर्षांसाठी? त्या जागेच्या रांगेत आपली कोणती मुलं आहेत आणि त्यांना तोवर कुठं, किती सामने खेळायला मिळतील? यावर एक ओळ नसते. हे फक्त आपल्याकडे नाही, देशभर असंच चालतं. त्यामुळं करंडक आला की सगळं माफ, आणि हरलो की सगळा दोष बाहेरच्यावर. दोन्ही वेळा हिशेब चुकतोच.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. प्रोफेशनल आणा, जरूर आणा. पण करार करताना ही चार वाक्यं लिहून जाहीर करा. आणि जेवढा खर्च त्याच्यावर, त्याच्या शेजारच्या रकान्यात लिहा, की यंदा नागपूरच्या बाहेर किती टर्फ विकेट झाल्या आणि जिल्ह्यांतल्या सोळा वर्षांखालच्या मुलांना किती सामने मिळाले. दोन रकाने शेजारी शेजारी छापले, की भांडायचं काही उरणार नाही. उरलं तरी ते मुद्द्याचं असेल.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

(यानंतर श्रोत्यांनी काही प्रश्न विचारले. त्यातला शेवटचा इथं देत आहोत.)

श्रोता: सर, मी यवतमाळकडे लहान मुलांना शिकवतो. तुमचं सगळं पटलं. पण असे रकाने छापून माझ्या पोराला जागा मिळणार आहे का?

नाही, दादा. खोटं कशाला सांगू? रकान्यानं जागा मिळत नाही, जागा धावांनी आणि बळींनीच मिळते, आणि तिथंही नशीब लागतं. पण मघाशी मी त्या मुलाचं सांगितलं ना, त्यानं जागा मागितलीच नव्हती. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत, पुढं कितीजण आहेत आणि खिडकी कधी उघडणार, एवढंच त्याला हवं होतं. एसटीच्या स्टँडवरसुद्धा हे फळ्यावर लिहिलेलं असतं. तुमच्या पोराला निदान तेवढं तरी कळलं पाहिजे. मग थांबायचं की दुसरी गाडी पकडायची, ते त्याचं तो ठरवेल.